मालनची मसाल्याची फाइल

मालनच्या हातचा मसाला बरणीच्या तळाला दोन बोटं उरला होता. ती जाऊन चौदा महिने झाले. यंदा आमच्या मुलीने, रसिकाने, स्वतः मसाला करायचं ठरवलं. मिरच्या आणून कल्याणला तिच्या गच्चीत वाळवल्या, मसाला कुटून घ्यायला डंकावर रविवारी सकाळचा नंबरही लावला. प्रमाण तेवढं हवं होतं. ते मालनने तिच्या लॅपटॉपवर लिहिलेलं, आणि लॅपटॉप सुरूच होत नव्हता.

"बाबा, तुम्हाला काहीच आठवत नाही?"

"त्यात दगडफूल नसतं, एवढं माहीत आहे. भिंतीवरचं शेवाळ मी खाणार नाही, असं लग्नाच्या वर्षीच सांगितलेलं."

लॅपटॉप जुना आणि मंद. विंडोज त्याला झेपेना म्हणून जावयाने, विनीतने, आठ वर्षांपूर्वी त्यात लिनक्स घातलेलं. "माझ्यासारखाच आहे, सावकाश पण चालतोय," मालन म्हणायची. आता मात्र काळ्या पडद्यावर दोन इंग्रजी ओळी येऊन तो तिथेच थांबायचा.

विनीत म्हणाला, नवीन घेऊ. मी नको म्हटलं. मग त्याने जुन्या मशीनला चालेल असं हलकं लिनक्स पेनड्राइव्हवर करून दिलं, आणि शनिवारी दुपारी फोनवरून एकेक पायरी सांगितली. आधी पेनड्राइव्हवरूनच लॅपटॉप चालू केला. मालनचं फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. मग डिस्कवरचं सगळं पुसायचं बटण आलं.

"दाबा की बाबा. कॉपी झालीय ना?"

"झालीय."

"मग?"

"दाबतो रे. घाई आहे का?"

पाऊण तास पट्टी सरकत होती. मी डोंबिवलीच्या घरात तिच्यासमोर बसून राहिलो. लॅपटॉप सुरू झाला, पहिल्यापेक्षा चटकन. मी मसाल्याची फाइल उघडली, तर सगळी गिचमीड. सुटी इंग्रजी अक्षरं, मध्येच स्वल्पविराम, कंस. मी विनीतला परत फोन लावला.

"आईंचा मराठी फॉन्ट जुना होता," विनीत म्हणाला. "तो त्या फोल्डरमध्ये नव्हता, पुसला गेला. माझंच चुकलं. शोधतो मी, पण आत्ता पुण्याला निघालोय. सोमवारी बघतो."

तिकडे रसिकाने त्याच्या हातून फोन ओढून घेतला. "सोमवारी काय? उद्या सातला नंबर आहे माझा! जाऊ दे बाबा, मी अंदाजाने करते."

"अंदाजाने तुझ्या आईने मीठसुद्धा घातलं नाही कधी. थांब जरा."

फाइलच्या डोक्यावर चारच अक्षरं होती. ई, के, वाय, यू. मी ती बघत बसलो.

मी ठाण्याला खोपटच्या एसटी ऑफिसात एकतीस वर्षं मराठी टायपिंग केलं. ते शिकलो टेंभी नाक्याजवळच्या क्लासमध्ये. मालन शेजारच्या टाइपरायटरवर असायची. माझी चूक झाली की न बघता ओळखायची, नुसत्या आवाजावरून. त्या बटणांवर इंग्रजी नव्हतं. कुठलं अक्षर कुठे, ते बोटांना माहीत. लॅपटॉपवरही मालन त्याच जागांवर बोटं ठेवून मराठी लिहायची.

मी लॅपटॉपवर बोटं ठेवली. ईच्या जागी आमच्या मशीनवर म होता. के म्हणजे काना. मग ल. मग न.

मालन. क्लासच्या पेपरवर लिहायची तसं तिने वर नाव घातलं होतं.

"रसिका, लिहून घे."

"फॉन्ट मिळाला?"

"लिही तू. मिरची दोन किलो. धने एक किलो. सुकं खोबरं अर्धा किलो."

"हळू हो बाबा! तीळ किती?"

"तीळ पाव."

एकेक अक्षराला बोट लावून मी वाचत होतो. लवंग, दालचिनी, नाकेश्वर. शेवटच्या ओळीला बोटं अडली म्हणून परत पहिल्यापासून लावली. दगडफूल, एक मोठी मूठ. त्यापुढे अर्धविराम, के, ए, यू, के. म्हणजे 'यांना'. यांना कळू देऊ नये.

"बाबा? पुढे काय? संपलं?"

"एक राहिलंय. दगडफूल, मोठी मूठ."

"पण तुम्हाला चालत नाही ना?"

"छत्तीस वर्षं चाललंय."

ती हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज बदलला. "मग घालू ना?"

"घाल," मी म्हटलं. "फक्त मला कळू देऊ नकोस."