वैजयंतीकाकूंचा डावा डोळा आणि मी

मित्रांनो, मी डोळे तपासायची एक जुनी लेन्स आहे. जेमतेम पेढ्याएवढी, पण हसू नका! लंडनच्या हॅरोमधल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर ऋजुताच्या चिमटीत मी सतरा वर्षं काढली. माझ्यातून तिने हजारो डोळ्यांचा तळ पाहिला. तिथे मोहरीएवढं एक केशरी बिंब असतं. माणूस जे जे बघतो, ते सगळं त्यातूनच मेंदूकडे जातं. आईचा चेहरा, अक्षरं, आभाळ, सगळं! मी अजून थक्क होते. काचबिंदू झाला की या बिंबाची कड झिजत जाते. दुखत नाही, खुपत नाही, आणि नजर जाते.

पुढे मोठं स्कॅनिंग मशीन आलं. सगळे त्याचे गोडवे गाऊ लागले आणि मी पडले ड्रॉवरमध्ये. राग आला होता, खोटं कशाला सांगू?

गेल्या हिवाळ्यात वैजयंतीकाकू तपासणीला आल्या. दर शनिवारी इथल्या मुलांना त्या मराठी वाचायला शिकवतात. उजवा डोळा काचबिंदूने आधीच गेलेला, सारी भिस्त डाव्यावर. डोळ्यातला दाब मोजला, तर उत्तम. स्कॅनमध्येही फारसा फरक नव्हता. तरी ऋजुताला राहवेना. तिने मला शोधलं, पुसलं आणि काकूंच्या डोळ्यासमोर धरलं. माझ्यात सगळं उलटं दिसतं, पण खोटं दिसत नाही. बिंबाच्या कडेला रक्ताची बारीक रेघ होती, म्हणजे आजार आत वाढतच होता.

"काकू, ड्रॉप्स रोज घालता ना?"

"घालते की! अपॉइंटमेंटच्या आधी आठ दिवस, न चुकता. पाहुणे यायचे म्हटलं की घर आवरतोच ना आपण?"

ऋजुताने कपाळाला हात लावला. "म्हणून आज दाब चांगला दिसला! अहो काकू, पाहुणी मी नाही, तो आजार आहे. आणि तो मुक्कामालाच आलाय! कड दोऱ्याएवढी उरलीय. आता नुसत्या ड्रॉप्सवर भागणार नाही, ऑपरेशन करू या."

"एकच उरलाय गं. त्यावरच सुरी?" काकूंनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

ऑपरेशनला मला नेलं नाही. नंतर ऐकलं, की वरच्या पापणीआड ऋजुताने एक इवलीशी झडप केली, केसाहून बारीक टाके घातले आणि आतल्या पाण्याला झिरपायला वाट दिली, म्हणजे डोळ्यात दाब वाढायला नको. काय हात म्हणायचे हे!

चार महिन्यांनी तिने मला पुन्हा त्याच डोळ्यासमोर धरलं. रक्त नव्हतं.

"काय दिसतंय गं?"

"जेवढं होतं, तेवढंच आहे, काकू."

काकू रडल्याच. मित्रांनो, गेलेली नजर परत आणणं कुणालाच जमत नाही. उरलेली राखता येते. तुमच्या घरीही थेंबांची बाटली असेल. आजी-आजोबांना विचारा, घातले का? तपासणीच्या आदल्या दिवशी नको, आजच विचारा.