हौद्याचं अस्तर

गेटवाल्याच्या जुन्या पिकअपचा हौदा गंजून गंजून शेवटी चाळणी झाला होता. एकदा खिळ्यांचं पोतं एका भोकाच्या कडेला अडकून फाटलं आणि दुकानापासून वर्कशॉपपर्यंत त्यानं रस्ताभर खिळे पेरले. मागून येणाऱ्या दोन मोटरसायकली आणि एक पाण्याचा टँकर पंक्चर झाला. टँकरवाल्यानं भर रस्त्यात त्याला जे ऐकवलं, त्यातून खानदानातलं कुणी सुटलं नाही. त्याच दिवशी गेटवाल्यानं नवी पिकअप घ्यायचं ठरवलं, आणि हिच्या हौद्याला गंज काय, साधा ओरखडाही शिवणार नाही अशी मनाशी खूणगाठ बांधली.

पिकअप आली. पांढरीशुभ्र, हौद्यात वाकून बघितलं तर आपलं तोंड दिसावं अशी. गेटवाला बनवायचा ती लोखंडी गेटं, जाळ्या, जिन्याचे कठडे. त्याचा माल म्हणजे सगळे कोपरे आणि टोकं. तसला माल या हौद्यात टाकायला त्याचं मन धजेना. आधी हौद्याला आतून अस्तर, मगच माल, असं त्यानं घरात जाहीर केलं. बायको म्हणाली, लावा की. तिला वाटलं, अर्ध्या दिवसाचं काम.

गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानदारानं त्याला तीन प्रकार सांगितले. एक, हौद्याच्या मापाचं कडक प्लॅस्टिकचं टोपलं, नुसतं आत बसवायचं. दुसरा, जाड रबराची चटई. तिसरा फवाऱ्याचा: काळं रसायन फवारलं की ते वाळून हौद्याला कातडीसारखं चिकटतं, जन्मात निघत नाही. यात सगळ्यात चांगलं कुठलं, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, ते ज्याच्या त्याच्या गरजेवर आहे. गेटवाल्यासारख्या माणसाला असं उत्तर देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

तो गरज शोधायला निघाला. टोपलं बसवलेला एक वीटवाला गाठला. वीटवाल्यानं कौतुकानं टोपलं उचलून दाखवलं, तर खाली पाणी साठलेलं आणि हौद्याला तांबडे पोपडे. वीटवाल्यालाही ते तेव्हाच कळलं. टोपलं बाद झालं. मग चटईवाला एक भाजीवाला गाठला. चटई तळाला जपत होती, पण बाजूच्या पत्र्यांवर क्रेटनी नक्षीकाम केलं होतं. चटईही बाद. राहिला फवारा. पण जन्मात निघत नाही म्हणजे मन बदललं तर काय करायचं? इतका विचार आपण लग्नाच्या वेळीसुद्धा केला नव्हता, असं तो बायकोसमोर बोलून गेला, आणि पुढचे दोन दिवस त्याला स्वतःचा चहा स्वतः करावा लागला.

या सगळ्या चौकशीला तो जुन्या मोटरसायकलवरून जायचा. पिकअप धुळीत कशाला न्यायची? तिच्या हौद्यावर त्यानं पहिल्याच दिवशी ताडपत्री ताणून बांधली होती.

तीन आठवडे गेले. तयार गेटं वर्कशॉपच्या भिंतीला रांगेनं टेकून उभी राहिली. गेटवाल्याचे वडील, ज्यांनी उभा जन्म ऐरणीवर घण मारण्यात घालवला होता आणि त्यात एक कान गमावला होता, ते रोज येऊन झाकलेल्या रिकाम्या हौद्याकडे बघत.

"अरे, हौदा आहे तो," एकदा ते न राहवून म्हणाले. "पाळणा नाही."

शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. शाळेला तीन आठवडे गेट नव्हतं आणि मधल्या सुट्टीत एक म्हैस दोनदा पाचवीच्या वर्गात जाऊन बसली होती. गेट आजच्या आज पोचेल, असं बाईंनी पाढे म्हणवून घेतल्यासारखं तीनदा वदवून घेतलं.

तेव्हा बायकोनं तोडगा काढला. तिचा गाद्या-उशा शिवायचा धंदा होता. तिनं ताडपत्री सोडून चार जुन्या गाद्या स्वतः हौद्यात अंथरल्या, कोपरे नीट खोचले, आणि बजावलं की या मुळीच हलवायच्या नाहीत. कालपर्यंत हौद्यावरून टोमणे मारणारी बाई आज एवढी मायेनं वागते, याचं गेटवाल्याला नवल वाटलं. पण पडत्या फळाची आज्ञा समजून तो गेट चढवायला लागला.

गेट गाद्यांवर झोपून, अंगावर रजई घेऊन शाळेला निघालं. कुणीतरी आजारी आहे असं समजून लोकांनी वाट दिली. चौकातल्या हवालदारानं तर बाकीची वाहनं थांबवली. मुख्याध्यापिकाबाईंनी रजई बाजूला केली आणि त्यांचा सगळा राग विरघळला.

"आपल्या कामाला इतकं जपणारा कारागीर मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या.

गेटवाल्यानं मान खाली घातली. खरं सांगायची सोय नव्हती.

बाईंनी ही गोष्ट पालकसभेत सांगितली. आठवड्याभरात पाच नव्या ऑर्डरी आल्या, आणि प्रत्येकानं गेट गादीवरूनच येणार ना, याची खात्री करून घेतली. एका वकिलानं उशीचंही विचारलं. पण या ऑर्डरींतल्या तिसऱ्या गेटाला वर भाले होते. त्यांनी वळणावर एक गादी उभी फाडली आणि बाजारपेठेतून कापूस उडत गेला. संध्याकाळी बायकोनं फाटकी गादी दारात उभी केली. उद्या फवारा मारायचा, मीही येते, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही फवारणीवाल्याकडे गेली. बाबा आपणहून पुढच्या सीटवर बसले होते. फवारणीवाल्यानं तोंडाला मास्क चढवता चढवता समजावलं, की आधी सगळा हौदा सँडपेपरनं घासून चकाकी घालवावी लागते, नाहीतर अस्तर धरत नाही.

गेटवाल्याला ते नीट कळायला वेळ लागला. "म्हणजे ओरखडे पडू नयेत म्हणून अस्तर लावायचं," तो म्हणाला, "आणि अस्तर लागावं म्हणून आधी ओरखडे पाडायचे?"

"हो," फवारणीवाला म्हणाला. "सगळीकडे सारखे."

गेटवाल्यानं किल्ली खिशातून काढली आणि गाडीकडे वळला. बायको आडवी आली.

"आधी गाद्या काढा," ती म्हणाली.

त्यानं गाद्या ओढून काढल्या. केबिनच्या मागे, हौद्याच्या तळाला, हातभर लांबीचे दोन ओरखडे होते. पत्र्यापर्यंत गेलेले. कडेला तांबूस झाक धरायला लागली होती.

गेटवाल्यानं एका ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग बायको म्हणाली, "गाडी आल्याच्या तिसऱ्या दिवशी. तुम्ही वीटवाल्याकडे गेला होतात. मला शिलाईचं मशीन दुरुस्तीला न्यायचं होतं."

"एकटीनं चढवलंस?"

"एका बाजूनं मी धरलं होतं," बाबा छताकडे बघत म्हणाले.

गेटवाला पायरीवर जाऊन बसला. आपल्याला राग येणार, असं त्याला वाटलं. तो वाट बघत बसला. राग काही येईना. उलट दुखणारी दाढ निघाल्यावर जीभ मोकळी फिरते तसं काहीसं झालं. महिनाभर ज्या हौद्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं, तो तिसऱ्या दिवशीच कामाला लागला होता, आणि आकाश काही कोसळलं नव्हतं. तो उठला, फवारणीवाल्याच्या हातातून सँडपेपर घेतला आणि हौद्यात चढला. पहिला हात त्यानं डोळे मिटून मारला. दुसऱ्या हाताला डोळे उघडे होते. थोड्या वेळानं बायकोनं पदर खोचला आणि दुसरी बाजू धरली. बाबांनी मागचा फाळका घासायला घेतला, आणि तुम्हा दोघांना घासता येत नाही, असं ते सांगायला लागले. फवारणीवाल्यानं मास्क काढला आणि चहा मागवला.

दोन दिवस वाळल्यावर गाडी परत आली. हौदा काळा, खरखरीत, म्हशीच्या पाठीसारखा. गेटवाल्यानं पहिली लोखंडी पट्टी अलगद ठेवली. दुसरीही तशीच. तिसरी मात्र त्यानं फेकली, आणि तो आवाज बाबांना बहिऱ्या कानानंसुद्धा ऐकू आला.

त्या रविवारी बायकोनं केबिनमधल्या सीटच्या कव्हरांसाठी तीन कापडं पुढ्यात टाकली: निळं, करडं आणि चौकड्यांचं. गेटवाल्यानं तिन्ही उचलून उजेडात धरली, आणि धुतल्यावर रंग कुणाचा टिकतो ते विचारायला तोंड उघडलं. बाबांनी त्याच्या हातातून निळं कापड काढून घेतलं आणि सुनेच्या मशीनवर नेऊन ठेवलं.