दुसरं पान

सांगतो, पण विश्वास कुणी ठेवणार नाही. आजवर माझ्या कुठल्याच गोष्टीवर कुणी ठेवला नाही. दुष्काळात जळकोटच्या रस्त्यानं एक कावळा खांद्यावर कावड घेऊन पाण्याला जाताना मी ह्या डोळ्यांनी पाहिला, त्यावरही गाव हसलंच. हसू दे. ही गोष्ट मात्र मंदिरातली आहे, आणि गुणाबाईला माती देऊन आल्यावर मला ती सांगितल्याशिवाय राहवेना.

सगळे पांगले तेव्हा मंदिराच्या ओट्यावर आम्ही तिघंच उरलो. मी संगप्पा, आमच्या ख्रिस्ती मंडळीची घंटा वाजवणारा. पाळकसाहेब उदगीरहून महिन्यातून एकदाच येतात, त्यामुळे बाकीच्या रविवारी उपासनाही मीच चालवतो. दुसरा महेबूब, समोरचा चहावाला. आणि तिसरी गुणाबाईची लेक सिंधू, जी खड्ड्यापाशीसुद्धा रडली नव्हती. पाळकसाहेब जाताना सांगून गेले होते, "उद्या उपासनेत बाईंचं नाव वाचा, वहीत लिहून ठेवा." म्हणून वही माझ्या मांडीवर होती.

महेबूबनं कप ठेवता ठेवता वहीत डोकावलं. "चाचा, ही दोन पानं चिकटल्यात की."

"तीच तर गोष्ट हाय," मी म्हणालो.

आधी वहीचं सांगतो. मोठ्या प्रार्थनेला आमच्यात दोन पानं लागतात. पहिल्या पानावर घरापासून लांब असलेल्यांची नावं. मी एकेक वाचायचं आणि प्रत्येक नावाला मंडळीनं म्हणायचं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." ते पान उलटलं की प्रभूमध्ये झोपी गेलेल्यांची नावं. त्यांच्यासाठी मंडळी उभी राहते आणि म्हणते, "प्रभू, तुझे उपकार मानतो." परगावी कुणी वारलं तर आमच्या गावात तो निरोप घरी जाऊन देत नाहीत. रविवारी ते नाव दुसऱ्या पानावरून वाचायचं. घरची बाई आधी उठते, तिच्यामागं सगळे उठतात. एकटीनं चुलीपाशी ऐकायची पाळी कुणावर येऊ नये, म्हणून जुन्या लोकांनी घालून दिलेली रीत आहे ही.

लातूर जिल्हा झाला आणि पाठोपाठ पावसानं तोंड फिरवलं. तिकडं कचेऱ्या, क्वार्टरं बांधायला माणसं पाहिजे होती. मीच सगळ्यांना सांगितलं होतं की कचेरी एवढी उंच होणार आहे की वरच्या मजल्यावरून देगलूरच्या बाजारातल्या मिरच्या मोजता येतील. माणसं हसली, आणि गेली. पहिलं पान भरत गेलं तशी बाकं रिकामी होत गेली. शेवटी शेवटी वाचायला एक्केचाळीस नावं आणि "ऐक" म्हणायला सहा गळे, पाच म्हाताऱ्या आणि एक ही सिंधू. घंटा वाजवली की आधी कबुतरं यायची, मग म्हाताऱ्या.

एक्केचाळिसावं नाव शमुवेलचं, म्हणजे शमूचं. गुणाबाईचा एकुलता एक मुलगा, सिंधूच्या पाठचा. एका गुरुवारी त्याच्याबरोबरच्या भोकरच्या गड्याचं पोस्टकार्ड माझ्या नावावर आलं. पायाचा चर खणताना माती ढासळली. लातूरच्या मंडळीनं तिथंच पुरलं. चार ओळी होत्या, शाई फुटलेली.

शनिवारी गुणाबाई मंदिर झाडायला आली. कार्ड माझ्या खिशात होतं. झाडू थांबवून ती म्हणाली, "दादा, उद्या शमूचं नाव जरा दमानं वाचा बरं का."

"काहून?"

"मागल्या रविवारी पळालात की. माझं 'ऐक' म्हणून व्हायच्या आत आमेन."

"चुकलं," मी म्हणालो. "उद्या दमानं वाचतो."

रविवारी मोठ्या प्रार्थनेपर्यंत आलो. पहिल्या पानावर शमूच्या आधीपर्यंत वाचलं, आता पान उलटायचं. आणि पान काही उलटेना. अंगठ्याला थुंकी लावली, फुंकर मारली, नख घातलं. पलीकडून कुणीतरी हात ठेवला होता. मी इकडून जोर लावला की तो तिकडून लावी.

"कोन व्हता?" महेबूबनं विचारलं.

"देवदूत. दुसरं कोन असतंय मंदिरात?"

"फरिश्त्याचा हात पाहिला तुमी?"

"मनगट पाहिलं. आपल्या बैलाच्या मानेएवढं."

महेबूब हसला. सिंधू हसली नाही.

मग मी काय करणार? पहिल्या पानावर आलो आणि शमूचं नाव वाचलं, लई दमानं. गुणाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर गेला, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." तो आवाज अजून ह्या छपरात आहे. पावसाळ्यात कौलं सरकवली की ऐकू येतो.

तेव्हापासून दर रविवारी तसंच. पाऊस आला, माणसं परतली, एकेक नाव खोडलं गेलं. लातूरहून आलेल्यांना शमूचं ठाऊक होतं, पण मी त्यांना वही दाखवली, पान उलटत नाही म्हणून सांगितलं. गुणाबाईसमोर कुणाची जीभ रेटली नाही. तिनं विचारलं नव्हतं तरी मीच सांगून टाकलं की शमू पुढं हैदराबादला गेलाय. दुसऱ्या पानावरच्या जुन्या नावांसाठी मंडळी नुसतीच उभी राहायची, नावं न घेता. पहिल्या पानावर शेवटी एकच नाव उरलं, आणि "ऐक" सगळ्यात मोठ्यानं म्हणणारी तीच. दोन वर्षं.

थापा मी ओट्यावर मारत आलो, पारावर मारत आलो. देवापुढं कधी मारली नाही. जे वाचलं ते वहीनं वाचायला लावलं.

"मग बाईला शेवटपर्यंत कळलंच न्हाई?" महेबूबचा आवाज खाली आला होता.

"कसं कळणार? पानच उलटेना, त्याला मी काय करू?"

सिंधूनं हात पुढं केला. मी वही दिली. तिनं आपल्या कपातल्या चहात बोट बुडवलं आणि चिकटलेल्या कडेवरून फिरवलं, एकदा, दोनदा, पुन्हा कप. कड भिजली. मग तिनं भाकरी तव्यावरून सोडवतात तसं ते पान हळूच सोडवलं. आत पांढरट पापुद्रा धरला होता. खाली जुनी नावं होती, आणि त्यांच्याखाली माझ्याच अक्षरात, त्या शनिवारी रात्री लिहिलेलं, शमुवेल.

"मामा," ती म्हणाली, "त्याच्या पुढच्या शनिवारी आईनं झाडताना वही उचलली. तिला वाचता येत न्हवतं. तिनं वास घेतला. मला म्हणली, सिंधे, हुंग बरं. ज्वारीचं पीठ. त्या साली आमच्या घरात चिमूटभर न्हवतं, मामा. तुमच्याबी गाडग्यात काय व्हतं ते तिला ठावं व्हतं. म्हणली, एवढ्या पिठाची खळ करून माणूस हे पान बंद करतो, म्हंजी आत माझंच कुणीतरी हाय."

मी वहीला हात घातला. तिनं सोडली नाही.

"मी म्हणलं, जाऊन विचारू का? तर म्हणली, नको. दादाच्यानं वाचवंना. वाचवंल तवा वाचंल, तवा मी आधी उठंन. दर रविवारी लुगडं सावरून बाकाच्या कडंला बसायची, उठायला सोपं जावं म्हणून. तुम्ही पहिल्या पानावरनंच वाचायचे. मग ती 'ऐक' म्हणायची, तुमच्यासाठी. दोन वर्षं तिला तिच्या शमूसाठी उठू दिलं न्हाई तुम्ही, मामा. अन् आता देवदूताचं नाव सांगून राहिलात. त्यानं हात ठिवला न्हवता. ही खळ तुम्ही लावली."