आवाज फाटेपर्यंत

मानसिंगाची जुनी अँबॅसडर सोलापुरात सिनेमाची जाहिरात करत फिरायची. टपावर दोन कर्णे, आत बॅटरीवर चालणारं मशीन. गाडी मानसिंग स्वतः चालवायचा. मागच्या सीटवर माइकमध्ये ओरडणारा एकनाथ आणि मशीनचं बटण सांभाळणारा त्याचा दाजी, धोंडीराम. चौऱ्याहत्तर साली गावात असल्या गाड्या बऱ्याच होत्या, पण इतका स्वच्छ आवाज एकीचाही नव्हता. त्यासाठी मानसिंग कौतुक करायचा ते कर्ण्यांचं. मालक लोकांना वस्तूंचं कौतुक परवडतं, वस्तू डोक्यावर बसत नाहीत.

धोंडीरामाची रीत ठरलेली होती. सकाळी कन्ना चौकात गाडी उभी करायची. एकनाथानं दिवसभरात जितक्या मोठ्यानं ओरडायचं असेल तितक्या मोठ्यानं तिथं ओरडायचं, आणि त्या वेळी बटण हळूहळू चढवायचं. आवाज फाटला, खरखरला, की जरासं मागं घ्यायचं. मग दिवसभर त्याला कुणी हात लावायचा नाही. त्यापुढं नेलं तर नुसता गोंगाट वाढतो, शब्द कळत नाहीत आणि कर्ण्याचा पडदा जळतो.

अडचण एवढीच, की वर्षानुवर्षं कर्ण्याखाली बसून धोंडीरामाचे कान गेले होते. समोर तोंडाकडं बघत बोललं तर त्याचं भागायचं. कर्ण्याचा मात्र त्याला फक्त दणका कळायचा. हे गुपित एकट्या एकनाथाला ठाऊक होतं. आवाज फाटला की तो दाजीच्या पायावर पाय दाबायचा, की दाजी बटण मागं घ्यायचा. एकनाथाला करमाळ्याहून आणून या गाडीवर लावलं होतं ते याच दाजीनं. दोन्ही वेळची भाकरी तो बहिणीच्या, मुक्ताबाईच्या घरीच खायचा.

एक दिवस मानसिंगानं एकनाथाला बाजूला घेतलं.

"एकच मानूस ठेवनार हाय मी. वरडायला कुनीबी मिळतंय, मशीनवाला मिळत न्हाय. मग कोन जाईल, तूच सांग की."

एकनाथानं फार विचार केला नाही. नीचपणा करायला माणसाला फार वेळ लागतो, हा आपला उगाच समज आहे.

"मालक, दाजीला ऐकू येत न्हाय. माजा पाय लागला की त्यो बटन मागं घेतोय. मशीन मीच लावतोय म्हना की."

मानसिंगाला हसू फुटलं. "उद्या पाय लावू नगंस. समद्या चौकाला दिसू दे. म्हाताऱ्याला उगंच काढला म्हनून मला कुनी नावं ठिवू नये. पडदं जळलं तर जळू देत."

दुसऱ्या दिवशी कन्ना चौकात एकनाथ ओरडू लागला. धोंडीरामानं बटण चढवायला घेतलं. आवाज फाटला. पाय लागला नाही. बटण आणखी चढलं. कर्णे किंचाळायला लागले, चहावाल्यानं कान झाकले, सायकलवाले थांबले. मानसिंग खाली उतरून गाडीला टेकून उभा होता. धोंडीराम पायावरच्या दाबाची वाट बघत बटण फिरवत राहिला, शेवटी ते पार टोकाला टेकलं.

त्याचा चेहरा फुलला. "एकनाथ, कडंला आलं तरी फाटंना बघ! लई कसदार हाईत कर्णे!"

एकनाथानं तोंड फिरवून माइक ओठांशी धरला. "मंडळी! ह्यो आमचा मशीनवाला! ठार बहिरा हाय! बघा, बघून घ्या!"

इतक्या खरखरीतही तेवढं लोकांना बरोबर कळलं. चौक हसला. कुणी कानाला हात लावून वाकुल्या दाखवल्या. धोंडीरामाला हसरे चेहरे दिसले. इतकी माणसं आपल्या आवाजासाठी थांबली, याचा त्याला मनापासून आनंद झाला. त्यानं खिडकीतून दोन्ही हात जोडून चौकाला रामराम घातला. लोक आणखीनच हसले.

मानसिंगानं पुढं होऊन त्याच्या बाजूचं दार उघडलं. मालकानं आपल्यासाठी दार उघडावं, असं इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. धोंडीराम लाजला, धोतर सावरत खाली उतरला. आता मालक चहा सांगणार, असं वाटून तो चहावाल्याकडं वळला. मागं दार लागलं, गाडी सुरू झाली, मंगळवार पेठेकडं निघूनही गेली. त्याला काहीच ऐकू आलं नाही. चहावाल्याला तो हसत म्हणाला, "तीन चा द्या. मालक हाईत संगं."