मेव्हण्याचं पत्र

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि दोन बोटांनी टाइप केलं, ‘मंडळ आजपासून बंद.’

मंडळ म्हणजे त्यांनी चालवलेली मेलिंग लिस्ट. एकाने ईमेल टाकला की देशोदेशीच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांना पोचायचा. एके काळी इथे कुणी नुसती शिंक कळवली तरी तीस जण औषधं सुचवत आणि एकतिसावा त्या शिंकेचा लंबक ढिला असल्याचं निदान करी. आता घड्याळजींनी काहीही विचारलं तरी विहिरीत खडा टाकल्यासारखं. विहीर निदान डुबुक तरी म्हणते.

उरला होता एकटा मेव्हणा. विमा कंपनीत साहेब. ऑफिसच्या पत्त्यावरून ऐटीत लिहायचा. ‘दाजी, हे सगळे कामापुरते मामा. मी आहे ना!’ असं पत्र रोज मंडळावर टाकायचा.

मुलगी इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळायची. ती खुर्ची ओढून शेजारी बसली, बराच वेळ पडद्यात डोकं घालून राहिली.

“बाबा, कुणी सोडून गेलेलं नाही. तुमच्या मंडळानेच त्यांना काढलंय.”

“मी? माझ्या हाताने?”

“मामाच्या कंपनीने सगळीकडच्या ईमेलवाल्यांना नवा नियम कळवलाय. आमच्या नावाचं पत्र दुसऱ्या कुणाच्या हातून आलं तर बनावट समजा, दारातूनच परत पाठवा. आता मामाचं पत्र सगळ्यांना पोचवतं कोण? मंडळ. म्हणून ते परत येतं. आणि ज्याच्याकडून पत्रं सारखी परत येतात, त्याचा पत्ता बंद पडला समजून मंडळ त्याला गाळतं. मामाला त्याचंच पत्र मंडळ पाठवत नाही, म्हणून तो तेवढा उरला.”

“म्हणजे तो मला धीर देत होता...”

“आणि इकडे माणसं गळत होती.”

घड्याळजींनी चिमटा उचलला, पुन्हा होता तिथे ठेवला.

“उपाय?”

“सगळ्यांना परत घेऊ. मामाची पत्रं यापुढे मंडळाच्या नावाने जातील.”

दुसऱ्या दिवशी पहिलंच पत्र आलं, ‘म्हातारबा, आम्हाला का हाकललंत ते तरी सांगायचं होतं.’ पाठोपाठ फोन वाजला.

“दाजी, माझ्या पत्रावर माझं नाव नाही.”

“मशीनचा नियम आहे रे.”

“सगळे पळाले तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं?”

“तू.”

“मग ते परतल्यावर माझंच नाव पुसलंत?”

खरं उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. घड्याळजींनी ते गिळलं.

“चुकलं माझं.”

“चालू द्या तुमचं.”

मंडळ पुन्हा गजबजलं. शिंका, लंबक, भांडणं, सगळं आलं. मेव्हण्याचं पत्र तेवढं येईना. एका दुपारी मुलीला न विचारता घड्याळजींनी सभासदांची यादी उघडली. मशीनने त्यालाही गाळलं असेल, अशी त्यांना फार आशा होती.

नाव जागेवर होतं.