माझी मेमरी शाबूत होती

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर विसरभोळेपणाचा आळ आला होता. तो खोटा होता, हे मला चांगलं आठवतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारखे चारशे जण जन्मले. वाढदिवसाला अजून एकाचाही फोन आलेला नाही. या घरात आलो तेव्हा माझं कौतुक एवढं की पाहुण्यांनी मला लांबूनच बघायचं. मग चपटे लॅपटॉप आले आणि माझी रवानगी मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी झाली. तिथे मला आजोबा भेटले. त्यांचीही तिथेच सोय केली होती.

आजोबा घड्याळजी. पन्नास वर्षं त्यांनी भिंतीवरची घड्याळं दुरुस्त केली. आता ते सगळं त्यांना पुस्तकात लिहायचं होतं, कारण अलीकडे त्यांना आठवेनासं झालं होतं. सकाळी डोकं जड असे. चहा घेतला की नाही, हे ते कपाचा तळ बघून ठरवत. एका बोटाने टाइप करत एकशे चौदा पानं झाली. टोल्यांच्या घड्याळाचं प्रकरण तेवढं राहिलं होतं.

आणि नेमका मी पडू लागलो. चालता चालता निळा होई, 'मेमरी वाचता आली नाही' असं लिही आणि बंद. अर्धं लिहिलेलं पान माझ्याबरोबर जाई.

दुरुस्तीवाला आला. त्याने माझ्या मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली. मला गुदगुल्या झाल्या, गुण आला नाही. मग नवी पट्टी बसवली. तरी पडलो.

"वय झालंय," तो माझ्याकडे बघून म्हणाला. मान आजोबांनी डोलावली.

मुलगा म्हणाला, "बाबा, शनिवारी भंगारवाला येतोय. नवा आणू."

"नवा शिकेपर्यंत टोल्यांचं विसरून जाईन मी. शनिवारपर्यंत हा माझा ना? मग मी बघतो."

"तुम्हाला यातलं काय कळतं?"

"काही नाही. पहिल्या दिवशी घड्याळातलं तरी कुठे कळत होतं?"

मित्रांनो, घड्याळजीची एक पद्धत असते. बिघाड सापडेना, तर एका वेळी एकच भाग काढायचा, बघायचं, वहीत लिहायचं. आजोबांनी माझ्यात आपोआप सुरू होणारे प्रोग्राम असेच एकेक करून बंद केले. वहीत लिहिलं: 'छपाईचा बंद. पडला. पत्त्यांचा खेळ बंद. पडला. लाल ढालवाला बंद. दुपारभर पडला नाही.' मग लाल सुरू करून निळा ढालवाला बंद केला. तरी पडलो नाही. दोन्ही सुरू केले. तीन मिनिटांत आडवा.

या दोन ढाली म्हणजे व्हायरसपासून माझं रक्षण करणारे दोन प्रोग्राम. दोघेही प्रामाणिक. पण 'प्रत्येक पानाची झडती आधी मीच घेणार' असा प्रत्येकाचा हट्ट, म्हणून दोघे माझ्या मेमरीच्या एकाच कोपऱ्यात हात घालत आणि एकमेकांना चोर समजून धरत. या झटापटीत मी पडे.

शनिवारी लेकही आली होती. आजोबांनी वही उघडली.

"लाल कोणी घातला?"

"मी," मुलगा म्हणाला. "तुमच्या काळजीने."

"निळा?"

"मी," लेक म्हणाली. "दादाच्या लक्षात राहत नाही म्हणून."

"मला विचारायचं तरी," मुलगा तिला म्हणाला.

"तू विचारलं होतंस?"

आजोबा उठले. उशाजवळच्या गोळ्यांच्या दोन डब्या आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या. एक मुलाच्या डॉक्टरांनी दिलेली, एक लेकीच्या. दोन्ही झोप लागावी म्हणून.

"आणि हे?" त्यांनी विचारलं.

बाहेर भंगारवाल्याने दोनदा बेल वाजवली. कोणी उठलं नाही.

सोमवारी भाऊबहीण दोन्ही डब्या घेऊन, आजोबांसह, एकाच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी म्हणे आधी या दोघांनाच झापलं आणि मग एक डबी बंद केली. हळूहळू आजोबांना चहा घेतल्याचं आठवू लागलं. घरात आता दूध उरतं. माझीही एक ढाल काढली. टोल्यांचं प्रकरण बावीस पानांचं झालं, आणि त्यातलं एकही माझ्याबरोबर गेलं नाही.

म्हणून मित्रांनो, कोणी जुनं अडखळू लागलं, तर लगेच वयावर ढकलू नका. काळजीपोटी आपण सगळ्यांनी मिळून त्याच्यात काय काय भरून ठेवलंय, ते एकदा शेजारी बसून बघा. आणि काढायचंच झालं, तर एका वेळी एकच काढा.