साहेब जागे होते

कपड्यांच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत जो तो फोन पुढे करून हसत होता. फोटोत शोकसभेच्या पहिल्या रांगेत महापौर मान टाकून, डोळे मिटून बसलेले. खाली लिहिलेलं : 'पूल पडला, साहेबांना डुलकी लागली.' शेजारच्या खुर्चीत, फोटोच्या कडेला अर्धीच दिसणारी बाई म्हणजे याच कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारी ती. तिची धाकटी बहीण त्या पडलेल्या पुलाखाली सापडून गेली होती.

"वहिनी, पार अब्रू गेली त्याची!" संध्याकाळी दीर खुशीत म्हणाला.

"तो झोपला नव्हता."

"अहो, फोटोत दिसतंय ना!"

"शेजारी मी बसले होते की तू?" तिचा आवाज चढला. "मी त्याला हळूच विचारलं, पूल कच्चा आहे हे माहीत होतं ना? त्याने डोळे मिटले, मान खाली घातली आणि म्हणाला, 'माहीत होतं. उद्घाटन पुढे ढकलता आलं नाही.' तेव्हाचा फोटो आहे हा."

दीर गडबडला. "मग बातमीवाल्यांना सांगा की."

"सांगितलं. एकाने विचारलं, घोरत होते का?" तिने हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं. "माझी बहीण काय त्याच्या डुलकीने मेली? हसा तुम्ही, खुशाल हसा!"

दोन दिवसांनी महापौरांचा सचिव घरी आला. अगदी गोड बोलला. "ताई, खोट्या फोटोमुळे साहेबांची फार बदनामी झाली. पत्रकारांसमोर एवढंच सांगा, साहेब जागे होते. खरं तेच सांगायचंय."

"येते," ती म्हणाली.

पालिकेच्या सभागृहात आधी त्या प्रसंगाचा व्हिडिओ दाखवला. आवाज नव्हता, पण महापौर मान खाली घालतात, ओठ हलवतात, मग डोळे पुसतात, हे स्वच्छ दिसत होतं. फोटो फिरवणारे पत्रकार ओशाळले. सचिवाने तिच्या हातात माइक दिला.

"साहेब जागे होते," ती म्हणाली. महापौरांनी समाधानाने मान डोलावली. "टक्क जागे होते. मी विचारलं, पूल कच्चा आहे हे माहीत होतं का? ते म्हणाले, माहीत होतं."

सचिवाने माइक हिसकावला. तिला त्याची गरजच उरली नव्हती. "झोपलेले असते तर मी माफ केलं असतं! जागेपणी लोकांना त्या पुलावर सोडलंत तुम्ही!"

"दुःखात माणसाला काहीबाही ऐकू येतं," महापौर म्हणाले.

मागच्या रांगेतली एक पत्रकार उभी राहिली. "मग तुम्ही काय म्हणालात? ओठ तर हलतायत. व्हिडिओ पुन्हा लावा."

व्हिडिओ पुन्हा लागला नाही. साहेबांना तातडीची बैठक आठवली.

रात्रीपर्यंत नवा वाद सुरू झाला : बाई खोटं बोलते, बाईला विरोधकांनी पढवलंय. पुलाची चौकशी करणाऱ्या समितीने मात्र तिला साक्षीला बोलावलं. दीर म्हणाला, "मी येतो सोबत."

"ये," ती म्हणाली. "पण फोन घरी ठेव."